तुमच्या तोंडचा निरोप

बुखारा,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९

आदरणीय सोबिर अकांना धाकट्या बहिणीचा, मोहिराचा सलाम.

आम्ही बरे आहोत. थंडी पडल्यापासून बाबांचा गुडघा पुन्हा कुरकुरतो आहे, पण भट्टीपाशी बसून कात्र्या ठोकायला लागले की ते विसरतात. डाळिंबं उतरवून झाली, द्राक्षाचे वेल मातीखाली निजवले. तुमची तब्येत, झोप, जेवणखाण, कामावरची माणसं, सगळं ठीक असावं.

हे पत्र सादोकत आपांच्या हाती देते आहे. त्या गुरुवारी विमानाने रशियात, समाराला नवऱ्याकडे निघाल्या आहेत. फोन का केला नाही ते तुम्हाला माहीत आहे. माझा नंबर तुम्हीच बंद करून ठेवला आहे. आवाजी निरोप पाठवावा तर तुमच्या खोलीत आपल्याच मोहल्ल्याचे अकरा जण झोपतात. एकाने ऐकलं की चहा उकळायच्या आत ते बुखाऱ्यात परत येतं. म्हणून कागद, आणि पाकिटाला डिंक.

एकच विनंती. येत्या रविवारी बाबा तुम्हाला फोन करणार आहेत. त्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. मध्येच रागावून फाडू नका. रागवायचा पहिला हक्क माझा आहे.

बुलोर खाला गेल्या. शुक्रवारी पहाटे.

त्या यहुदी होत्या, हे तुम्हाला गेल्या दोन वर्षांत आठवायला लागलं. त्याआधी चौतीस वर्षं त्या तुमच्या फक्त खाला होत्या, भिंतीपलीकडच्या मावशी. मोहल्ल्यातल्या प्रत्येक नवरीचे केस त्यांनी बाबांच्या कात्रीने कापले, विंचरले, आणि नवरी रडायला लागली की तिला दटावलं, "आत्ता रडू नकोस, काजळ उतरेल; सासू बघून झाल्यावर रड." त्यांची दुसरीही एक गोष्ट आहे, तीही तुम्हाला ठाऊक आहे. पण मला ती आज लिहून काढायची आहे, कारण तुमच्या जिभेवरून ती पुसली गेलेली दिसते.

तुम्ही नऊ दिवसांचे होतात तेव्हा आई तापाने फणफणली आणि तिचं दूध गेलं. खालांची याफा तेव्हा तीन आठवड्यांची होती. अडीच महिने खालांनी एका मांडीवर याफाला घेतलं, दुसऱ्या मांडीवर तुम्हाला. आपल्याकडे जिने पाजलं ती आई. तिची मुलगी बहीण, सख्ख्यासारखी. लग्नसुद्धा होऊ शकत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, तुमच्याकडून ऐकलं. याफावरून बायका तुम्हाला चिडवायच्या तेव्हा तुम्ही ओरडायचात, "तोंड सांभाळा, ती माझी दूधबहीण आहे!"

आणि मग गेल्या गुरुवारचा तुमचा निरोप. खालांचं आता काही खरं नाही, असं बाबांनी तुम्हाला कळवलं होतं. त्यावर तुमचा आवाज आला. बाबांनी तो तीनदा लावून ऐकला, म्हणून मलाही पाठ झाला. "बाबा, ती गेली तर तिच्या ताबूताला खांदा देऊ नका. तिच्या दारातही उभे राहू नका. आपल्या माणसाला ते शोभत नाही. इथे एक जाणते उस्ताद आहेत, त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं आहे."

"ती" म्हणालात तुम्ही. खाला नाही, नाव नाही. ती.

अका, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही एक फोटो पाठवला होता. दोराला लटकून तुम्ही एका चर्चच्या घुमटाला गिलावा करत होता, आणि खाली लिहिलं होतं, "बघा, किती उंचावर आहे." बाबांनी तो सगळ्या बाजारात दाखवला. तेव्हा उस्तादांनी काही समजावलं नाही का? जिवंत ख्रिश्चनांच्या घुमटाला हात लावायला चालतो आणि मेलेल्या यहुदी बाईच्या ताबूताला चालत नाही, ही वाटणी कुणी केली?

मागच्या महिन्यात आठवीला मी नेमका हाच, तीन धर्मांचा पाठ शिकवला. फळ्यावर नकाशा टांगला आणि त्यावर तीन रंगांच्या खडूंनी रेघा ओढल्या. तिन्ही रेघा निघतात तो मुलूख माझ्या पंजाखाली झाकला जातो, एवढासा. एक रेघ रोमकडे, तिथून सगळ्या युरोपभर, तुमच्या समारावरून आणि महासागर ओलांडून पलीकडे; तिचाच एक फाटा पूर्वेला, इराणमधून बुखाऱ्यात. दुसरी अरबस्तानातून आपल्याकडे, एकीकडे थेट जावा बेटापर्यंत, दुसरीकडे आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला. तिसरी बारीक, तुटक, ठिपक्याठिपक्यांची: बगदाद, बुखारा, हबशांचे डोंगर, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा, आणि आता अमेरिकेतली शहरं. मुलांना म्हटलं, बुखाऱ्यावर बोट ठेवा आणि उचलून बघा. तिन्ही रंगांची भुकटी लागलीच पाहिजे. लागली. हेही सांगितलं की आपली रेघ इथे पोचली तेव्हा उरलेल्या दोन्ही आधीच येऊन बसल्या होत्या. मग तिघांचं सारखं काय ते मुलांनीच सांगितलं. देव एक. इब्राहीम सगळ्यांचा. पैगंबर, ग्रंथ, उपास, दान, न्यायाचा दिवस. मेलेल्याला मातीत ठेवणं. निलूफर नावाची एक चुरचुरीत मुलगी आहे, ती म्हणाली, "म्हणजे मुअल्लिमा, एका आजोबांची तीन नातवंडं, आणि भांडण घराच्या वाटणीवरून!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. मला वाटलं, झालं, शिकवून झालं.

शिकवणं किती सोपं असतं ते मला शुक्रवारी कळलं.

यहुद्यांमध्ये शनिवारी दफन करत नाहीत, आणि त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो. आपली माणसं दुपारच्या नमाजातून दीड वाजता सुटणार. सूर्य साडेपाचला मावळणार. म्हणजे खालांना मोहल्ल्यातून न्यायला मधले चारच तास. त्यांच्या प्रार्थनाघरातून माणसं आली, बरोबर दहा, सगळे म्हातारे. दोघांच्या हातात काठ्या, आणि एकाला धरायलाच दुसरा लागत होता. प्रार्थनेला दहा पुरतात, खांद्याला हे दहा पुरणारे नव्हते. मुलगा अमेरिकेत, त्याला विमानच मिळालं नाही. घरात पुरुष कुणी नाही. फक्त याफा.

आणि आपल्या मोहल्ल्याची रीत तुम्ही विसरला नसाल. मयताच्या दारात घरचा पुरुष चापानाचा अंगरखा घालून, कमरेला शेला बांधून काठी टेकून उभा राहिला की मग बाकीचे घराबाहेर पडतात. तो उभा नसेल तर बाहेरचा माणूस पुढे होत नाही. मानाचा प्रश्न असतो. खालांचा मुलगा इथे नाही, मग त्यांच्या दारात उभं राहायचं कुणी? दूधमुलाच्या बापाने. दुसरं कुणी नाहीच. सगळा मोहल्ला आपल्या घराकडे बघत होता, आणि बाबा भट्टीपाशी बसून आधीच धार लावलेल्या कात्रीला पुन्हा धार लावत होते.

मी म्हटलं, "बाबा, उठा."

"सोबिरने काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"सोबिर अका तिथे आहेत. खाला इथे आहेत."

"त्याला धर्म कळतो. मला कात्र्या कळतात."

"मी शिकलेय बाबा. मी हाच विषय शिकलेय. मी सांगते तुम्हाला—"

"तू शाळेत सांग," ते म्हणाले. रागाने नाही हो, अगदी मायेने म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

मी मोहल्ल्याच्या म्होरक्यांकडे, अक्सकाल होशिम बोबोंकडे गेले. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "पोरी, मला काही हरकत नाही. बुलोरने माझ्या तिन्ही सुनांचे केस केले. पण तुझा बाप बसून आहे तोवर मी कुणाला कसं सांगू? उद्या म्हणतील, होशिमने दोन घरांत भांडण लावलं." आणि त्यांनी चहा पुढे केला. चहा, अका! मला तो पेला भिंतीवर फेकावासा वाटला.

सगळ्यांत आधी कोण आलं माहीत आहे? गेन्नादी अमाकी. मोहल्ल्याच्या विजेच्या तारा जोडणारे, सगळ्यांचे काका, उंचीने माझ्याएवढे, गळ्यात क्रॉस. लग्नातला कोट घालून आले आणि टोपी हातात धरून खालांच्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, "माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आहे. कुणी नाही आलं तर गाडीतून नेऊ." आजवर या मोहल्ल्यातून कुणीही खांद्याशिवाय गेलेलं नाही. ज्या घरात गुन्हेगार निघाले त्या घरातली मयतंसुद्धा खांद्यावरून गेली.

पावणेदोन वाजले. याफा दारात आली. त्यांच्या रीतीप्रमाणे तिने अंगातल्या कपड्याला गळ्यापाशी चीर पाडली होती. तिने मला विचारलं, "मोहिरा, सोबिरचा काही निरोप आला का?"

आता मी जे लिहिणार आहे ते गेले चार दिवस लिहायचं टाळते आहे. नकाशा आणि खडू आणि चहाचा पेला हे सगळं मी त्याच्यासाठीच लांबवलं.

मी म्हटलं, "आला."

तिने डोळे मिटले. "काय म्हणाला?"

"म्हणाले, ती माझी आई. मी इथे अडकलोय. माझ्याऐवजी बाबा दारात उभे राहतील."

एकदा बोलून गेल्यावर मागे फिरता येईना. मी तशीच भट्टीकडे गेले आणि बाबांनाही तेच सांगितलं. पुढे आणखी जोडलं: "म्हणाले, मी गुरुवारी चुकीचं बोललो. बाबांना सांग, मला माफ करा आणि कमरेला शेला बांधा." बाबा म्हणाले, "ऐकव." मी म्हटलं, आवाजी निरोप नव्हता, शाळेच्या फोनवर बोलले. बाबांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "चापान कुठल्या पेटीत आहे?"

पुढचं तुम्हाला मोहल्ल्याकडून कळलंच असेल. बाबा दारात उभे राहिले आणि दहा मिनिटांत गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येकाने खांदा दिला, सात पावलं, मग पुढचा. गेन्नादी अमाकींच्या खांद्यावर आला की ताबूत तिरका व्हायचा. होशिम बोबो मागून म्हणाले, "गेन्नादी, टाचा उचल! बुलोर घसरून तुझ्या गळ्यात पडली तर लग्न करावं लागेल." त्यावर ते म्हणाले, "मी विचारलं होतं अक्सकाल, एकोणीस वर्षांपूर्वी. नको म्हणाली." रडणारी माणसं हसली. सूर्य मावळायला अर्धा तास असताना माती पडली. कबरस्तानात मी नव्हते, गेन्नादी अमाकींनी सांगितलं. दहा म्हाताऱ्यांची प्रार्थना संपली, आपल्या माणसांनी हात वर केले, अमाकींनी छातीवर क्रॉसची खूण केली, आणि शेवटी सगळ्यांच्या तोंडून आमीन एकदमच निघालं. शब्द एकच असल्यामुळे कोण कुठल्या घरचा ते कळलं नाही.

इकडे मी अंडी उकडली. मयताच्या घरात चूल पेटत नाही आणि दुखवट्यातला पहिला घास शेजारच्यांनी द्यायचा, हे त्यांचंही आहे आणि आपलंही. फक्त आपलं भांडं त्यांना चालत नाही, म्हणून खालांचंच पातेलं आणून त्यात उकडली. आई गेली तेव्हा खालांनीही आपल्या घरचं पातेलं त्यांच्याकडे नेऊन भरून आणलं होतं, तुमच्या लक्षात असेल.

आता मोहल्लाभर तुमचं कौतुक चाललं आहे. "मुलगा असावा तर असा." बाबा छाती काढून चालतात. रविवारी चहाला अंगणात माणसं बोलावली आहेत, आणि त्यांच्या देखत फोन मोठ्या आवाजावर लावून ते तुम्हाला शाबासकी देणार आहेत.

मी मुलांना सांगते, पुराव्याशिवाय बोलू नका. आणि मी स्वतः काय केलं? त्याची लाज वाटते. पण तुमची माफी मागायला हात धजत नाही, कारण राग त्याहून मोठा आहे. तो फक्त तुमच्या उस्तादांवर नाही. तुम्ही विटा वाहिल्यात म्हणून मी शिकले, हे मी रोज आठवते. घरातली पहिली पदवी. बाबांनी ती काचेत घालून भिंतीवर लावली आहे, आल्यागेल्याला दाखवतात. पण शुक्रवारी त्या काचेखाली उभी राहून मी जे बोलले त्याचं वजन शून्य होतं, आणि तेच वाक्य तुमच्या तोंडचं म्हणून सांगितलं तेव्हा अख्खा मोहल्ला हलला. अका, मला खरं बोलायला तुमचं तोंड उसनं घ्यावं लागलं, आणि त्यासाठी खोटं बोलावं लागलं. मग मला शिकवलंत कशाला?

रविवारी काय बोलायचं ते तुमच्या हातात आहे. खरं सांगितलंत तर भर अंगणात बाबांची मान खाली जाईल. मी विनवणी करणार नाही. एवढंच सांगते की याफा अजून जमिनीवर बसून आहे, सात दिवस बसायचं असतं, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगते, "माझ्या भावाने निरोप पाठवला."

अजून राग न उतरलेली,
तुमची बहीण मोहिरा


बुखारा,
सोमवार, १८ नोव्हेंबर

सोबिर अका, सलाम.

हे पत्र टपालाने पाठवते आहे. पोचायला महिना लागला तरी चालेल.

तुम्ही काल खरं बोललात. त्याबद्दल मला तुमच्यावर रागावता येत नाही, आणि त्याचाच राग येतो आहे.

तुम्ही फोन ठेवलात, त्यामुळे पुढचं तुम्ही ऐकलं नाही. म्हणून लिहिते. "बाबा, मी असा निरोप दिला नव्हता. मोहिरा खोटं बोलली," असं तुम्ही म्हणालात तेव्हा अंगणात चौदा माणसं होती. मी चहाचं तबक धरून उभी होते. होशिम बोबो पेल्यात बघत राहिले. गेन्नादी अमाकींना अचानक खोकला आला. बाबांनी बंद झालेला फोन थोडा वेळ कानाजवळ तसाच धरला. मला वाटलं, आता ते खाली बसतील.

ते म्हणाले, "बरं. त्याने सांगितलं नव्हतं. पण चाललो तर मीच ना? पाय माझेच होते." मग सगळ्यांकडे बघून, जरा चढ्या आवाजात, "कुणाला आपला खांदा परत हवा आहे का?"

होशिम बोबोंनी पेला पुढे केला आणि बाबांना म्हणाले, "उस्तो, चहा गार झालाय. गरम सांगा."

माणसं गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. इतकं कठोर बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पुन्हा माझ्या मुलाच्या तोंडचं मला सांगायला येऊ नकोस. तुझं जे असेल ते तुझ्या तोंडाने सांग."

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही ऐकलं नाहीत."

ते म्हणाले, "नाही ऐकलं." एवढंच. आज सकाळी मात्र भट्टी पेटवताना त्यांनी विचारलं, "तिसाव्या दिवशी बुलोरकडे माणसं जेवतील. याफा एकटी आहे. तू काय म्हणतेस, कसं करायचं?" मी सांगितलं: लाकडं आपली, कढई त्यांची, मांस त्यांच्या खाटकाकडचं, वाढायला आपली माणसं. ते म्हणाले, "ठीक. तसंच करू."

याफाला खरं सांगायला मी एकटीच गेले. वाटेत दोनदा परत फिरले. तिचे सात दिवस संपलेत, ती अंगण झाडत होती. मी सगळं सांगितलं, शाळेच्या फोनचंही. तिने झाडू थांबवला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "म्हणजे सोबिरचा निरोप अजून यायचाय."

आणि पुन्हा झाडायला लागली.

तिचा नंबर तुमच्याकडे आहे, अका. तो तुम्ही बंद केलेला नाही, मी तिच्या फोनवर पाहून खात्री केली.

यापुढे जे काही लिहीन ते स्वतःच्याच नावाने,
मोहिरा